राजवाड्यातल्या तारा

"या तारा सोलून होईपर्यंत कुणीही घरी जायचं नाही," रायभान महाराजांनी फर्मावलं.

राजवाड्यातल्या जुन्या विजेच्या घंटा काढल्या होत्या. त्यांच्या केसाइतक्या बारीक तारांचा चौकात ढीग पडला होता. "आत तांबं आहे सरकार, म्हणजे लक्ष्मीच," दिवाणजी म्हणाले होते. मग मुदपाकखान्यातल्या पाच बायका सुऱ्या घेऊन सोलायला बसल्या, तांबं तोलायला कारकून बसला आणि ते चोरीला जाऊ नये म्हणून दोन शिपाई उभे राहिले. दिवसभरात सालींचा डोंगर झाला अन् तांबं निघालं मूठभर.

त्या पाचजणींतल्या द्वारका आचारीणबाईचा जीव खालीवर होत होता. परवा तिच्या लेकीची पहिली मंगळागौर, आणि पूजा मांडायला आईच घरी नाही! दुसऱ्या दिवशी सकाळीच मंगळागौरीचं नाव घेऊन ती महाराजांपुढे उभी राहिली.

"सरकार, एक पैज लावते. आजची न्याहारी आपण कलिंगडाच्या बिया सोलून करावी. पोट भरलं, तर मी मंगळागौर सोडून तारा सोलत बसते."

"आणि नाही भरलं तर?"

"तर आम्हाला घरी सोडावं."

"परात भरून आण!" महाराज हट्टानं मांडी घालून बसले.

द्वारकेनं परात ठेवली. शेजारी कारकुनाला बसवलं, दोन्ही बाजूंना शिपाई उभे केले.

"हे कशाला?" महाराजांनी विचारलं.

"मगज तोलायला नको? चोरीला गेला तर?"

महाराज सोलू लागले. बी निसटे, नख दुखे, मगज दातात अडके. एवढ्यात थालीपिठाचा खमंग वास सुटला. द्वारकेनं कारकुनाला वाढलं, शिपायांना वाढलं, दिवाणजींना तर लोण्याच्या गोळ्यासकट वाढलं.

"आणि आम्हाला?"

"आपण सोलताय ना सरकार. सोललेलं आपलंच."

उन्हं डोक्यावर आली. दिवाणजींनी तिसरं थालीपीठ मागितलं, तेव्हा महाराजांनी परात ढकलली. "ही थालीपिठं कोणाच्या खर्चात?"

"बियांच्या. तांब्याचा हिशेब दिवाणजींनी असाच मांडलाय, सरकार. राखणारे काय खातात, ते धरलेलंच नाही."

दिवाणजींनी हातातलं थालीपीठ हळूच खाली ठेवलं.

"पोट भरलं का सरकार?"

"सकाळपेक्षा जास्त भूक लागली आहे," महाराज कुरकुरले. "मग या तारांचं करायचं काय?"

"आहेत तशा तांबटाला विका. फार हौस असली, तर तो सोलेल."

महाराज पोट धरून हसले. "दिवाणजी, तांबटाला बोलवा. आणि द्वारकाबाई, ते थालीपीठ इकडे दे!"

दिवस मावळायच्या आत पाचही जणी सरकारी बग्गीतून घरी निघाल्या. द्वारकेच्या मांडीवर महाराजांनी लेकीसाठी दिलेली हिरवीगार पैठणी होती.