मेघपाळाची पहिली सातपट्टी

एका राज्यात जमिनीपेक्षा पुळण मोठी होती, पुळणीपेक्षा समुद्र मोठा होता, आणि या सगळ्यावर मेघपाळ नावाचा राजा राज्य करत होता. आता समुद्रावर कोण राज्य करणार? पण भाट तसं गात आणि राजा भला माणूस, मान खाली घालून ऐकून घेई.

त्या राज्याची एक रीत होती. माघ सरला, सावरीला लाल फुलं आली, की थंड पाण्यातून सातपट्टी नावाचे मासे काठाला येत. अंगावर सात काळ्या रेघा, तोंड मोठं, ओढ अशी की धडधाकट माणूस गुडघ्यावर यावा. त्यांच्यासाठी होडी लागत नसे. लाट फुटते तिच्या मागे वाळूत जो खळगा पडतो, तिथे ते चरायला येत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, लांब काठीने गरी लाटेपलीकडे फेकायची आणि दोरीवर बोट ठेवून वाट बघायची. याला तिथे गरवणं म्हणत. सगळी रयत त्यावर जगे. पण पहिली गरी राजाची. राजाने टाकल्याशिवाय कोणी पाण्यात पाऊल घालायचं नाही.

आणि तो पहिला मासा खायचा नाही, ठेवायचा नाही, कोरड्या वाळूवर आणायचा नाही. कारण वर्षभरात जी माणसं बुडाली ती पहिल्या माशांबरोबर सातपट्टी होऊन काठाला येत. राजाने जमिनीकडे पाठ करायची, हातातल्या माशाचं तोंड लाटेकडे धरायचं, बुडालेल्यांची नावं एकेक करून घ्यायची, आणि माशाने शेपूट मारली की हात उघडायचे. तो गेला की त्याच्यामागून बाकीचेही सुटत आणि आपल्या पुढच्या वाटेला लागत. मग उरत ते नुसते मासे. यात नवल मानू नका. तिथे ते असंच होतं.

त्या वर्षी सहा नावं होती. पाच वल्हेकरी, आणि सहावी राजाची एकुलती लेक कमळजा, वय वर्षं आठ. आई तिला जन्म देतानाच गेलेली. आश्विनात बेटावरच्या देवीला जायचं म्हणून पोरीने हट्ट धरला, राजाने स्वतः तिला उचलून होडीत बसवलं, आणि होडी परत आली नाही. त्यानंतर पाच महिने राजा दरबारात बसत होता, न्यायनिवाडा करत होता, पानावर बसून दोन घास खात होता. झोपत मात्र नव्हता.

फाल्गुनाच्या पहिल्या सकाळी तो पुळणीवर आला. देऊबाय आधीच येऊन बसली होती. ही म्हातारी राजाच्या गरीची राखणदार. मेघपाळ सात वर्षांचा असताना काठी कशी फेकायची ते तिनेच त्याला शिकवलं होतं, आणि चुकला तर पाठीत धपाटाही घातला होता. बुडालेल्या पाचांत तिचा मुलगा गोमा होता. माशाला इजा नको म्हणून गरीचा उलटा काटा तिने दगडावर घासून सपाट केला होता. ओल्या वाळूतला किडा तिने गरीला लावला आणि विचारलं, "महाराज, नावं ध्यानात आहेत ना?"

राजाने मान हलवली. पाणी हाडं गोठवणारं होतं. पहिली फेक वाऱ्याने परतवली. दुसरी रिकामी आली. तिसऱ्या फेकीला दोरी ताठ झाली, काठी वाकली, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर सातपट्टी त्याच्या हाताशी आली. त्याने गरी काढली, तोंड लाटेकडे केलं, पहिलं नाव घ्यायला ओठ उघडले. तेवढ्यात मासा बोलला.

"आबा, पाणी फार गार आहे."

काय करील हो बाप? रीत डोक्यात राहते, आवाज काळजात जातो. मेघपाळाने अंगावरचा शेला काढला, मासा त्यात गुंडाळला, समुद्राकडे पाठ केली आणि कोरड्या वाळूवरून तडक राजवाड्याची वाट धरली. जमलेली माणसं बघतच राहिली. वाळूत रोवलेल्या काठीवर एक सुरय पक्षी येऊन बसला आणि म्हणाला, "राजा, पाठ फिरवलीस. आता ऋतूही फिरणार नाही."

झालंही तसंच. सावरीचं एक फूल गळेना. ऊन वाढेना, पाण्याचा गारठा सरेना. खळग्यात पाच सातपट्ट्या गोल गोल फिरत राहिल्या, ना गरीला लागत ना दूर जात, आणि त्यांच्यामागे आलेले हजारो मासे खोल पाण्यात थबकून राहिले. लोकांनी घरातली सुकी मासळी संपवली, मग भाताची पेज, मग पेजेचं पाणी. प्रधानाने राजाला परोपरीने सांगून पाहिलं. राजा चांदीच्या घंगाळापाशी बसलेला असे. घंगाळात मासा. तो दिवसातून एकदा तेवढंच म्हणे, पाणी फार गार आहे, आणि राजा कोमट पाणी आणवून स्वतःच्या हाताने ओती.

अशात एके दुपारी दाराशी खारजोगी आला. अंगावर मिठाचे पापुद्रे, जटा पांढऱ्याफटक. त्याचा मठ एका उधाणात समुद्राने गिळला होता, तेव्हापासून त्याचं समुद्राशी हाडवैर. तो म्हणाला, "तीन वस्तू आण. लेक जशी होती तशी देतो."

"फसवत तर नाहीस?"

"माझं वैर समुद्राशी. तुझ्याशी नाही."

आणि सांगून ठेवतो, तो खोटं बोलत नव्हता.

पहिली वस्तू, सात लाटांचा फेस. राजाने काळं मडकं घेतलं, ओहोटीला पाण्यात उभा राहिला आणि एकामागून एक सात लाटांचा फेस भरून घेतला. सातवी लाट मडक्यात उतरली तसा समुद्र सपाट झाला, परातीत तेल ओतावं तसा. राजा घरी आला तर घंगाळातून हसू ऐकू आलं. कमळजाचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे ती हसताना शीळ वाजल्यासारखं होई. तेच हसू. राजा जमिनीवर बसला आणि आश्विनानंतर पहिल्यांदा रडला.

खिडकीतून सुरय म्हणाला, "राजा, एक गेलं."

दुसरी वस्तू, समुद्राचा आवाज. राजाने शंख घेतला, तो क्षितिजाकडे धरून तीन प्रहर उभा राहिला, आणि गाज हळूहळू शंखात उतरली. समुद्र मुका झाला. गावात त्या गाजेवर झोपणारी तान्ही बाळं झोपेनाशी झाली, कुत्री कान टवकारून रिकाम्या पाण्यावर भुंकू लागली. पण राजाने घंगाळात पाहिलं तर माशाच्या कल्ल्यांपाशी दोन इवले हात फुटले होते. त्यांनी त्याचं बोट धरलं, आणि घट्ट धरून ठेवलं.

सुरय म्हणाला, "राजा, दुसरं गेलं."

राजाने खिडकी लावून घेतली.

तिसरी वस्तू सांगताना खारजोग्याने पाच कवड्या पुढे केल्या. पाच वल्हेकऱ्यांची नावं त्यांच्या आयांच्या तोंडून मागून या कवड्यांत भरायची. नाव दिलं की आईला मुलगा आठवणार नाही, गावाला आठवणार नाही, तो कधी जन्मलाच नव्हता असं होईल. मग सोडायचं कोणाला आणि कशासाठी? रीतच उरणार नाही, आणि कमळजाला माशाच्या कातडीत राहायचं कारणही उरणार नाही.

मेघपाळ रात्रभर येरझारा घालत राहिला. सकाळी कवड्या घेऊन निघाला. तो बाप होता, पण राजाही होता हे त्या सकाळी तो विसरला, आणि नेमकं राजा म्हणूनच लोकांनी त्याला दिलं. पहिल्या घरी आईने पाय धरले आणि नाव दिलं. दुसऱ्या घरी आई आंधळी होती, तिने विचारलं की पोरगी खरंच परत येईल का, आणि हो म्हटल्यावर दिलं. तिसऱ्या घरी आईने दारातच नाव सांगून टाकलं. एकेक कवडी जड होत गेली.

चौथ्या घरी आई पेज वाढत होती. नाव देऊन ती पुन्हा चुलीपाशी गेली, वाडग्यांत पेज ओतली आणि एक वाडगा हातात धरून उभी राहिली. घरात माणसं तीन, वाडगे चार. तिने मोजले, परत मोजले. नवऱ्याला विचारलं की हा कोणाचा. त्यालाही सांगता येईना. ती ओशाळून हसली, म्हणाली की म्हातारपण आलं, आणि वाडगा पालथा घातला. 

पाचवं घर देऊबायचं. ती ओसरीवर दोरी वळत बसली होती. राजा का आलाय ते तिला कळलं होतं, गावात अशा गोष्टी पायाआधी पोचतात. तिने बसायला पाट दिला. राजाने खाली मान घालून कवडी पुढे केली.

देऊबाय म्हणाली, "मागितलंत तर नाही म्हणायची नाही, महाराज. एवढंच ऐका. बेटावरच्या गुराख्याने डोंगरावरून पाहिलं, मला येऊन सांगितलं. होडी उलटली तिथून बेट हाकेवर होतं. माझा पोर तुमच्या लेकीला सोडून पोहला असता तर आज घरी असता. बरोबर आणखी कोण होते ते आता मला आठवत नाही, पण गुराखी म्हणाला, एकानेही सोडलं नाही. आता घ्या नाव."

आणि ती नाव सांगायला तोंड उघडणार तोच राजाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्याने हात काढून घेतला. मग राजा लहान मुलासारखा विचारू लागला, "देऊबाय, तिचे हात आलेत गं. तिने माझं बोट धरलं. मी कसा सोडू?"

"मला काय ठाऊक, बाबा?" म्हातारी म्हणाली. महाराज म्हणायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. "मला धरायला तरी कुठे मिळालं?"

राजा उठला. ओसरीच्या दगडावर त्याने चारही भरल्या कवड्या ठेचल्या. त्याबरोबर गावातल्या चार घरांतून एकदम रडणं उठलं. चौथ्या घरची बाई तर पालथा वाडगा छातीशी धरून अंगणात आली आणि मुलाच्या नावाने हंबरडा फोडू लागली. मेघपाळाने ते सगळं ऐकलं, कान झाकले नाहीत.

खारजोगी राजवाड्याच्या पायरीवर बसला होता. त्याने राजाच्या रिकाम्या मुठी पाहिल्या आणि म्हणाला, "एका नावाने हुकलं." मग तो उठला आणि आल्या वाटेने निघून गेला. पुढे त्याचं काय झालं ते कोणाला माहीत नाही.

राजाने मडकं आणि शंख शेल्यात बांधून खांद्याला लावले आणि घंगाळ उचललं. वाटेत कोणाला हात लावू दिला नाही. पुळणीवर त्याने मडकं उपडं केलं, तशा लाटा उठल्या. शंख पाण्यात बुडवला, तशी गाज परतली, इतकी मोठी की जमलेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मग मासा दोन्ही हातांत घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि त्याने जमिनीकडे पाठ केली.

घंगाळात राहून मासा दुबळा झाला होता. नुसता सोडला असता तर उलटून तरंगला असता. म्हणून राजा त्याचं तोंड लाटेकडे धरून त्याला हळूहळू पुढे-मागे नेऊ लागला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहील आणि जीव येईल. लाटा छातीवर आपटत होत्या. तो एकेक नाव घेत होता, पाच नावं, गोमाचं पाचवं. जसजशी नावं घेतली तसतशी त्या इवल्या हातांची बोटं विरत गेली आणि तिथे माशाचे पर आले. सहावं नाव तेवढं राहिलं.

"आबा," मासा म्हणाला, "तुम्ही येणार माझ्याबरोबर?"

सांगू का, त्याच्या मनात होतं. आणखी चार पावलं, डोक्यावर पाणी जाईल एवढा खळगा तिथेच होता.

"नाही गं," मेघपाळ म्हणाला. "मला इथे राहायचंय."

"मग मी जाऊ?"

"जा, कमळजा."

शेपूट हलली. एकदा, मग जोराने. राजाने हात उघडले. खळग्यातल्या पाचही सातपट्ट्या तिच्याभोवती गोळा झाल्या, तिला मधोमध घेतलं, आणि सहाही जणं पुढच्या लाटेखालून निघून गेली. काठावर सावरीची फुलं पटापटा गळू लागली.

पण पहिला मासा सोडून राजाचं काम संपत नसे. दुसरा धरायचा, तिथेच पुळणीवर रांधायचा, आणि राजाने पहिला घास खायचा. त्याने खाल्ला की हे नुसते मासे आहेत असं ठरे आणि रयतेच्या चुली पेटत. देऊबायने नवी गरी बांधून दिली. पहिल्याच फेकीला मोठी सातपट्टी लागली, सात रेघा, मोठं तोंड. ती काही बोलली नाही. राजाने तिच्या तोंडाशी कान नेऊन खात्री केली, आणि लोकांनी दुसरीकडे पाहिलं.

देऊबायने मासा चिरला, तव्यावर भाजला, तुकडा केळीच्या पानावर त्याच्यापुढे ठेवला. अख्खं गाव उपाशी पोटी भोवती उभं होतं. कडेवरची पोरं वासाने रडत होती. मेघपाळाने घास उचलला. तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. देऊबाय त्याच्याशेजारी बसली आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आजारी पोराला भरवताना फिरवतात तसा.

राजाने घास खाल्ला. आणि मग शंभर माणसं काठ्या घेऊन पाण्यात धावली.