चाळिसांतली एक जागा

एकदा एका वृद्ध कादंबरीकाराकडे त्यांची शिष्या निरोप घ्यायला आली. दर रविवारी दुपारी ती त्यांच्याकडे लेखन शिकायला येत असे. आता येणार नाही, असे सांगायचे होते, आणि सांगताना तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

हे गृहस्थ तरुणपणी एकाच कादंबरीने प्रसिद्ध झाले होते. तिच्यातली माणसे डोक्यावर एक यंत्र चढवून एका मायानगरीत शिरतात आणि तिथेच अडकून पडतात. त्या नगरीत जो मरतो तो बाहेरही मरतो. म्हणून तिथले लोक एकमेकांना जिवापाड जपतात. त्या जपण्यावर दोन पिढ्यांच्या वाचकांनी यथेच्छ अश्रू ढाळले होते. शिष्येने तर शाळकरी वयात ते पुस्तक शिवण उसवेपर्यंत वाचले होते.

"गुरुजी, तुमची नगरी खरी झालीय," ती म्हणाली. "चार वर्षं मी तिथेच राहतेय."

मग तिने सांगितले. इंटरनेटवर चालणारा एक खेळ होता. जगभरातले लाखो लोक एकाच वेळी तो खेळत. तिचा चाळीस जणांचा गट दर रविवारी चार वाजता एका गुहेत राक्षसाशी लढे. कुणाचे खरे नाव कुणाला ठाऊक नव्हते. खेळातली टोपणनावे तेवढी माहीत. हिचे नाव वीजवेल. ढाल घेऊन सर्वांच्या पुढे उभे राहायचे, हे हिचे काम. शिवाय ती गटाची उपनायिका होती, कुणाला घ्यायचे आणि कुणाला काढायचे हेही तिच्या हाती होते.

"एकमेकांसाठी जीव टाकतो आम्ही. बाहेर माझं कोण आहे, गुरुजी? आहेत ते हेच एकोणचाळीस. पुस्तक आता कशाला लिहू? मी ते जगतेय ना."

गुरुजींना वाईट वाटले. स्वतःचे पुस्तक असे कुणाच्या डोक्यात जाऊन बसेल, याची त्यांना कल्पना नव्हती. तरी ते एवढेच म्हणाले, "चार वाजत आलेत. मलाही दाखव की तुझी माणसं."

तिने मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला. गुहेत चाळीस योद्धे जमले. राक्षस उठला. गुरुजींनी चष्मा पुसून विचारले, "हा मेला म्हणजे नगरी मुक्त होणार?"

"छे हो! पुढच्या रविवारी परत उठतो तो."

"आणि बाकीचे लाखो लोक?"

"त्यांच्या त्यांच्या गुहेत. प्रत्येक गटाला वेगळी गुहा. आत्ता या घटकेला हाच राक्षस शेकडो ठिकाणी मरत असेल."

"सोय चांगली आहे," गुरुजी म्हणाले. "बरं, यात खाली बसायचं असेल तर?"

तिने एक कळ दाखवली. लढाई ऐन भरात आली होती. गुरुजींनी हात पुढे करून ती कळ दाबली. वीजवेल ढाल टेकवून मांडी घालून बसली. शिष्या किंचाळली, पण गुरुजींनी दोन्ही तळवे कळांवर पसरून ठेवले. "दोन मिनिटं. हात लावायचा नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात शब्द उमटू लागले.

"वीज, नेट गेलं का?"

"ऊठ ना यार."

"हिचं काय चाललंय? सगळे मरणार आता."

"काढा. बाहेर एक ढालवाला थांबलाय."

पाठोपाठ गुहा काळी झाली आणि ओळ आली: तुम्हाला गटातून वगळण्यात आले आहे. दोन मिनिटेही पुरती झाली नव्हती.

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. "का केलंत असं? चार वर्षं गेली माझी! एवढी माणसं होती, ती पण तुम्हाला बघवली नाहीत?"

गुरुजींनी हात उचलले. "माझ्या कादंबरीत एकजण असाच लढाईत खाली बसतो. पुढे काय होतं?"

"सगळे लढाई सोडून त्याच्याभोवती गोळा होतात."

"होतात, कारण तो गेला तर पुन्हा मिळणार नव्हता. तिथं मरण खरं होतं. आणि ते खरं का होतं ठाऊक आहे? त्यावाचून माझी कादंबरी उभीच राहत नव्हती. ती माझी सोय होती गं, जगाचा नियम नव्हे. इथं राक्षस दर रविवारी उठतो, मेलेले घटकाभरात उठतात, गेलेल्याच्या जागी दुसरा येतो. जिथं काही कायमचं जातच नाही, तिथं कुणासाठी थांबायचं कारण उरत नाही. ही माणसं वाईट नाहीत. ती खेळायला आलीत. त्यांनी माझ्या पुस्तकासारखं वागावं अशी आशा तू धरलीस. ती तुला लावली मी, हा दोष माझा."

"मला काही झालंय असं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं."

"तू कुणाला विचारलंस?"

यावर ती काहीतरी तडकून बोलणार होती, पण तेवढ्यात तिला एक गोष्ट आठवली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्या गटात निर्गुडी नावाची एक वैद्य होती. जखमी योद्ध्यांना बरे करण्याचे काम तिचे. वीजवेलीला तिने किती वेळा उठवले असेल, त्याची गणती नव्हती. एका रविवारी ऐन लढाईत निर्गुडी नुसती उभी राहिली. हलेना, बोलेना. तेव्हा तिला काढण्याची कळ दाबली होती ती या शिष्येने. मिनिटभर वाट पाहिली असेल नसेल. रात्री राक्षस मेल्याचा जल्लोष झाला आणि निर्गुडीचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

गुरुजींना हे सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मग तिथेच बसून तिने खेळातूनच निर्गुडीला निरोप लिहिला: त्या दिवशी काय झालं होतं?

थोड्याच वेळात उत्तर आले. "अहो, शेजारच्या खोलीत आई पडली. मी सगळं तसंच टाकून धावले. चौथ्या दिवशी गेली ती. नंतर येऊन बघितलं तर मी गटात नव्हते. तुमची माणसं फार चांगली आहेत. पुन्हा घ्याल का मला?"

शिष्येने ते दोनदा वाचले. "काय लिहू?" तिने विचारले.

"खरं ते लिही," गुरुजी म्हणाले.

तिने लिहिले: मी तुम्हाला काढलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

"असू द्या हो," उत्तर आले. "लढाईत कोण विचारतं? जागा झाली की तेवढं कळवा."

जागा देणे आता आपल्या हातात नाही, आज आपल्यालाही काढले आहे, असे शिष्येने कळवले. आईविषयी वाईट वाटले, हेही लिहिले. तुमचे खरे नाव काय, असे प्रथमच विचारले.

त्यावर उत्तर आले नाही. शिष्येने अंधार पडेपर्यंत वाट पाहिली, आणि तिला ऊठ म्हणायची घाई गुरुजींनी केली नाही.