थोरल्या खळग्यातले पाणी

ही गोष्ट खरे तर मी सांगायची नव्हती. आमच्या शाळेतल्या बाईंचे म्हणणे असे, की लहान मुलांना खंड्या आवडतो, तर तो निळाशार पक्षी त्यांना तसाच आवडू द्यावा. पण या गोष्टीत खंड्या एकदाही खोटे बोलत नाही, म्हणून सांगते.

जंगलातल्या एका नदीच्या पात्रात काळा कातळ पसरला होता. पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी त्यात रांजणासारखे खळगे कोरले होते. त्यांतले दोन अगदी शेजारी होते, एक थोरला आणि एक धाकटा. पावसाळा सरून नदी आटली, की मासे या खळग्यांत मागे राहत. थोरल्या खळग्यातले पाणी एका अरुंद चरातून धाकट्यात येई, आणि तिथून तशाच चराने खालच्या डोहाला जाऊन मिळे. डोह कधीच आटत नसे. थोरल्या खळग्यात एक मासोळी राहत होती आणि धाकट्यात तिची बहीण.

दोन्ही खळग्यांच्या मधल्या दगडावर खंड्या बसे. खोल पाण्यात त्याचे बहुतेक सूर फुकट जात, पण त्याबद्दल तो कुरकुर करत नसे. थोरल्या खळग्यातल्या माशांची एक रीत पडून गेली होती. ऊन वर आले, की ते सगळे काठाशी जमत आणि खंड्याला विचारत, "पाणी कोणाकडे जास्त?" खंड्या आधी या खळग्यात बघे, मग त्या खळग्यात बघे आणि सांगे, "तुमच्याकडे." तेवढे ऐकले, की सगळ्यांचा दिवस मजेत जाई. मासोळी तर धाकट्या खळग्याकडे तोंड करून शेपटी जरा जास्तच हलवी.

धाकट्या खळग्यात कोणी कोणाला काही विचारत नसे. तिथे एके दुपारी बहिणीच्या पाठीला ऊन लागले. तिने खाली जाऊन पाहिले, तर पोट तळाच्या वाळूला टेकले. त्याच संध्याकाळी ती चरातून उलटी चढून बहिणीकडे आली. चढताना तिचे दोन खवले खरवडले गेले.

"ताई, चर अजून वाहतो आहे," ती म्हणाली. "आम्ही सगळे डोहात निघालो आहोत. तूही चल."

मासोळीला तिची कीव आली. तुमच्याकडे पाणी कमी, म्हणून तुम्हाला घाई, असे तिने समजावून सांगितले. इथे राहायला ये, असेही म्हणाली. बाकीच्या माशांनी पाहुणीची थोडी चेष्टा केली. डोहात मोठे मासे असतात, तुझा एकच घास होईल, असे कोणीतरी म्हणाले.

"असतील," बहीण म्हणाली. "पण ताई, तुमचे पाणी कालच्या खुणेवर आहे का, एवढे तरी बघ."

"खुणा कशाला बघू? आमच्याकडे तुमच्याहून जास्त आहे. रोज विचारतो आम्ही."

बहिणीने आणखी दोनदा आग्रह केला. मासोळी काठापर्यंत तिला पोचवायला आली, क्षणभर चराच्या तोंडाशी थांबली, आणि मग मागे वळली. बहीण एकटीच खाली उतरली.

त्यानंतर ऊन वाढत गेले. दोन्ही खळगे आटत होते, पण धाकटा लवकर आटत होता, त्यामुळे थोरल्यातल्या माशांना रोज आधीपेक्षा चांगली बातमी मिळे. शेवटी एका सकाळी खंड्याने सांगितले, की धाकट्यात आता ओलसुद्धा उरलेली नाही, सगळे पाणी काय ते तुमच्याकडेच. असा आनंद त्या खळग्यात पूर्वी कधी झाला नव्हता. मासोळीला वाटले, बहीण असती तर हे तिला ऐकवले असते. चर तोवर सुकून पांढरा पडला होता. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

आणखी काही दिवसांनी खंड्या दगडावरून उठला आणि खळग्याच्या कडेवर येऊन बसला. आता सूर मारायची गरजच नव्हती. नुसती मान वाकवली, की चोच तळाला लागत होती. आधी आवाज गेले, मग गर्दी गेली. मासोळी एका कपारीत अंग चोरून पडली होती. तिची पाठ उघडी पडली होती आणि तिला बहिणीचे खरवडलेले खवले आठवत होते.

"खंड्यादादा," तिने विचारले, "हे पाणी आम्हाला पावसापर्यंत पुरणार होते का?"

"नाही," खंड्या म्हणाला.

"मग तू सांगितले का नाहीस?"

"तुम्ही जे विचारलेत, ते मी रोज खरे सांगितले. हे तू आजच विचारते आहेस."

आणि त्याने मान वाकवली.

तात्पर्य : दुसऱ्यापेक्षा जास्त असणे म्हणजे पुरेसे असणे नव्हे. म्हणून आपल्याला किती लागेल ते आधी आपणच पाहावे. आणि दुसऱ्याला विचारायचेच झाले, तर त्याचे पोट कशावर भरते हेही नीट —

थांबा, आई हाक मारते आहे. आले गं आई, आले.