रंगाखालचा पत्रा

“…मग चूक कुणाची म्हणायची, उस्ताद? माझी?”

धैर्यशील चौगले उंबऱ्यातच गरजला. आईबापांनी नाव धैर्यशील ठेवलं खरं, पण धीर तेवढा द्यायचा राहिला. दस्तगीर शिकलगार उस्तादांच्या हाताखाली तो गाड्यांचं वायरिंग शिकला, हात बसला, आणि एके दिवशी त्यांच्याशीच भांडून कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज थाटून बसला. त्यानंतर आज पहिल्यांदा तो या दारात उभा होता, तोही गाडी दोरीने ओढत आणून.

गाडी डॉक्टर बुधगावकरांची. त्यांच्या आजोबांच्या काळातली, लांब बोनेटची, विलायती. तिच्यात धैर्यशीलने नवंकोरं इंजेक्शनचं इंजिन बसवलं होतं, कम्प्युटरवर चालणारं. उद्या दसऱ्याच्या मिरवणुकीत ती निघणार, हे त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

आणि इंजिन लागायचं, खोकायचं, विझायचं. उद्या ते भर चौकात विझलं, तर जुन्या गाडीत नवं इंजिन घालून घ्यायला त्याच्या दारात पुन्हा कुणी फिरकणार नव्हतं.

उस्ताद खुर्चीतून उठले नाहीत.

“कम्प्युटर बदललास?”

“दोनदा.”

“पंप?”

“नवा. वायर नवी, सेन्सर नवे, सगळं नवं. तुमी मला नवशिका समजताय काय?”

“करंट परत कुठनं येतो?”

धैर्यशीलचं डोकं फिरलं. हा प्रश्न उस्ताद पहिल्या दिवशी आलेल्या पोराला विचारायचे. वायरीतून करंट जातो, हे कुणालाही दिसतं. तो गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो, हे शिकवावं लागतं.

“हे ऐकायला गाडी ओढत आणली व्हय मी?”

“परत कुठनं येतो?”

“बॉडीतनं! पत्र्यातनं! झालं समाधान?”

“दाव.”

धैर्यशीलने बोनेट उघडलं. मोरपंखी रंग त्याने स्वतःच्या हाताने दिला होता, थरावर थर, घासून घासून. इंजिनामागच्या पत्र्यातसुद्धा तोंड दिसत होतं. त्याने खिशातून पाना काढला, कम्प्युटरची काळी वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट रागारागाने सोडवला आणि वायर उस्तादांच्या नाकासमोर नाचवली.

“बघा. बोल्ट नवा, वायर नवी. आता बोला!”

उस्तादांचं लक्ष वायरीकडे नव्हतंच. ते पान्याकडे बघत होते. पान्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

“खंडेनवमी हाय आज.”

धैर्यशीलने पाना मुठीत झाकला.

“पूजेतला उचललास?”

“पूजा करत बसायला येळ कुणाला हाय!”

आता उस्ताद उठले. शिकलगारांच्या या गॅरेजात खंडेनवमी कधी चुकली नव्हती. पोरं हत्यारं मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायची उस्तादांचीसुद्धा टाप नव्हती. त्यांनी धैर्यशीलच्या हातातून पाना हिसकावला आणि आपल्या हत्यारांच्या रांगेत नेऊन ठेवला.

“आता कर काम.”

“कशानं? नखानं?”

“पत्रा कुठाय?”

“काय?”

“पत्र्यातनं म्हनालास. मला तर नुसता रंग दिसतोय. पत्रा दाव.”

धैर्यशीलची नजर बोल्टच्या भोकाकडे गेली.

रंगातून करंट जात नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. बोल्ट बसवतानाच त्याचा हात अडला होता. इथलं खरवडायला हवं, हे तेव्हाच मनात आलं होतं. पण त्या आरशासारख्या रंगावर ओरखडा काढायला मन झालं नाही. बोल्टच्या आट्यांना लागेल तेवढा पत्रा पुरे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि मग बसला कम्प्युटर बदलत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे उस्तादांनी ओळखलं, याचा त्याला राग आला. आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, याचा त्याहून जास्त आला.

हातात लोखंड म्हणून एकच उरलं होतं, गाडीची किल्ली. ती त्याने रंगात खुपसली.

“घ्या! हे बघायचं हुतं न्हवं तुमाला? घ्या!”

किल्ली घसरली. वीतभर ओरखडा उमटला, मोरपंखी कपच्या उडाल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचंच आहे, असं त्याने ठरवून टाकलं. रंगाखाली पांढरा थर लागला, त्याखाली तांबडा. तो खरवडत राहिला. शेवटी बोल्टच्या भोकाभोवती नाण्याएवढा पत्रा उघडा पडला.

उस्तादांनी किल्ली मागून घेतली आणि लुंगी सावरत ते गाडीत जाऊन बसले. धैर्यशीलने वायरीचं टोक अंगठ्याने त्या उघड्या पत्र्यावर दाबून धरलं.

इंजिन लागलं. खोकलं नाही. चालतच राहिलं.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी ते बंद केलं आणि खाली उतरले. धैर्यशीलने त्यांच्याकडे बघितलं नाही.

“सकाळी पाना उचलला की बोल्ट आवळतो,” तो पुटपुटला.

मग त्याने खिशातून मोरपंखी रंगाची छोटी बाटली काढली. ओरखड्यावर ब्रश टेकवणार, तोच उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. पकड मायेची नव्हती.

“सोडा, उस्ताद. उद्या लोकं बोनेट उघडून बघतील. हसतील मला…”

“झाकू नको. आख्ख्या गाडीत तेवढंच खरं काम झालंय.”