‘ग’वरचं टिंब

विषय : परसात वांगं लावण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : वेशीवरच्या शिळेवर कोरलेली राजाज्ञा.

एका राज्यात, उपरोक्त अर्जाच्या तीन वर्षं आधी, राजाच्या गोऱ्या गालांवर काळे डाग उठले. असल्या डागांना वांग म्हणतात. राजा गरजला, "माझ्या राज्यात वांग राहू नये!" लेखनिकाने आज्ञा लिहिली, पाथरवटाने कोरली, आणि ‘ग’च्या डोक्यावर एक टिंब जास्त पडलं. दरबारी मांत्रिकाने शिळा वाचून फुंकर मारली. त्या क्षणी राज्यातली झाडून सारी वांगी जळून राख झाली. नवं बी पेरावं, तर कोंब दुपारच्या आत राख. राजाचे डाग मात्र होते तिथेच राहिले. चूक सगळ्यांना दिसत होती. पण तिच्यावर शिक्का होता.

एकट्या येसूआत्याला शिक्क्याचं भय नव्हतं. तिच्या परसात आळी तयार होती, शेणखत मुरलं होतं, आणि काटेरी वांग्याच्या सात बिया राखेच्या मडक्यात जपलेल्या होत्या. बी जुनं झालेलं. यंदा रुजलं नाही, तर ते वाण जगातून गेलं.

तिने अर्ज केला. चिटणीस म्हणाला, "टिंब चुकलं म्हणता? तिघांची संमती आणा."

मांत्रिक म्हणाला, "मी लिहिलेलं वाचतो. मनातलं वाचायचा हुकूम नाही."

लेखनिक म्हणाला, "टिंब नव्हे ते. माशी बसली असेल."

"दगडात?"

"जड असेल माशी."

राजा पडद्याआडून म्हणाला, "राजाज्ञा चुकत नसते."

"मग गाल चुकले असतील, महाराज," येसूआत्या म्हणाली आणि मुजरा न करता चालू लागली.

परसाच्या कुंपणावरची साळुंकी बोलली, "आत्ये, कोरलेलं पुसत नाहीत. बुजवतात."

येसूआत्या चिखलाचा गोळा घेऊन भरदुपारी वेशीवर गेली. पहारेकरी ओरडला, "आत्या, शिळेला हात लावायचा नाही!"

"हात कुठे लावते? बी लावते."

टिंबाच्या खळग्यात तिने चिखल भरला, एक बी खोचलं, अंगठ्याने दाबलं. टिंब बुजलं. मांत्रिकाने फुंकलेल्या मंत्राने शिळा पुन्हा वाचली, आणि राजाचे गाल आरशासारखे लख्ख झाले. शाप सुटला. उरलेल्या सहा बिया परसात रुजल्या, फुलल्या, फळल्या. घराघरांत भरल्या वांग्यांचा वास दरवळला.

चिटणीस स्वतः कुंपणाशी आला. "बाई, वांगी तर लागली. आता अर्ज मागे घ्या."

"का घेऊ? विचारलंय, तर उत्तर द्या. लेखी. आणि टिंब जपून."

पण शिळेतलं बीही रुजलं होतं. ‘ग’च्या डोक्यावर आता एक गोल, जांभळं वांगं लोंबतं आहे. ते अनुस्वार धरावं की भाजी, यावर दरबाराने अभिप्राय मागवला आहे. अभिप्राय आलेला नाही. येसूआत्याचा अर्ज प्रलंबित आहे.