एतियेनच्या बाटल्या

१२ मार्च, मंगळवार. सकाळी दाट धुके, दुपारनंतर बारीक पाऊस. वेलींना अजून फूट नाही.

“पण आत्ताच उघडायची घाई कसली, मस्यू?” शार्दूलने विचारले.

आम्हा तळघरातल्या कामगारांचे मस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब, म्हातारे लेऑन ब्रिसाक बाटल्यांच्या उतरत्या फळीपाशी उभे होते. बाटल्या मान खाली करून त्या फळीत खोचलेल्या असतात. रोज थोड्या फिरवल्या की यीस्टचा गाळ हळूहळू तोंडाशी उतरतो. ही फळी शार्दूलची. त्याने स्वतः केलेली पहिली फेसाळती वाईन.

“घाई मला नाही,” लेऑन म्हणाले. “तुझ्या बहिणीचा फोन आला होता ना?”

“आला होता.”

“काय म्हणाली?”



“आबांना आता उठून बसवत नाही. विचारतात, माझ्या पोरानं केलेली वाईन झाली का?”

“ते पितात?”

“आबा? छे! जन्मात थेंब घेतला नाही. दिंडोरीला आमची खायची द्राक्षं. मी इकडे आलो तेव्हा सगळा गाव हसला, की पोरगं दारू शिकायला चाललंय. आबा म्हणाले, हसू दे. तू करून आण, पहिला घोट मी घेतो.”

“मग ने.”

“कशी नेऊ? दीड वर्षच झालंय. चव कच्ची आहे, नुसती टोचते जिभेला. सात वर्षं गाळावर राहिली तर बघा काय होईल ती! या घराण्याच्या तोडीची होईल.”

“सात वर्षं,” लेऑन म्हणाले. “नाशिककडचे सगळेच असे निवांत असतात का?”

“तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी माझं घड्याळ काढून घेतलंत. म्हणालात, तळघरात ते चालत नाही.”

लेऑन हसले नाहीत.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर काहीही म्हणतात, मस्यू. आबा चिवट आहेत.” मग मान ताठ करून तो म्हणाला, “त्यांच्या हातात मी कच्चं काही देणार नाही. अजून नाही.”



लेऑन यांनी दिवा उचलला आणि आतल्या बोळाकडे निघाले. मला हाक मारली, “ये तूही.” मी पेले घेतले.

हे तळघर लेऑन यांच्या पणजोबांनी खडूच्या दगडात खोदले. तेव्हापासून घराण्याचा एक नियम आहे. ज्याने बाटली भरली, त्यानेच ती उघडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. बापानेही नाही.

बोळाच्या टोकाला एक फळी आहे. तिथे कोणी जात नाही. बाटल्यांवर बोटभर धूळ, आणि लाकडावर खडूने लिहिलेले नाव. एतियेन. लेऑन यांचा मुलगा. तो बाविसाव्या वाढदिवशी रात्री मोटारसायकलवरून बाहेर पडला आणि अपघातात गेला. हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण या घरात कोणी बोलत नाही.

लेऑन यांनी बाही वर केली आणि फळीतली एक बाटली काढली.

“मस्यू,” मी म्हणालो, “ही एतियेनची आहे.”

“मला वाचता येतं.”

त्यांनी बाटली उलटीच धरली आणि झाकणाला चिमटा लावला. ही त्यांची साठ वर्षांची सवय. झाकण निघते, आतला दाब गाळाची गोळी बाहेर फेकतो, आणि त्याच क्षणी मनगट फिरवून बाटली सरळ करायची. बंदुकीसारखा आवाज होतो. शार्दूल सवयीने बाजूला सरकला.

झाकण निघाले.

आवाज झाला नाही.

गाळ ओघळला आणि लेऑन यांच्या बुटावर पडला. त्यामागून वाईनही सांडली. मनगट फिरवायचे ते विसरले होते. सावरले तेव्हा बाटली अर्धी रिकामी होती.

उरलेली त्यांनी पेल्यात ओतली. रंग कोऱ्या चहाचा. एकही बुडबुडा वर आला नाही.

शार्दूलने वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

“झाकणातून दाब गेलाय,” तो म्हणाला. “वाईट झालं. चांगली असणार ही.”

“चांगली होती.”

“तुम्ही चाखली होती?”

“त्यानंच चाखवली होती. एक बाटली उघडून माझ्यापुढे धरली. म्हणाला, बाबा, झाली का? आज माझा वाढदिवस आहे, सगळे मिळून पिऊ.”

“मग?”

लेऑन यांनी पेला दिव्यासमोर धरला.

“मग मी म्हणालो, अजून नाही. तू मघाशी म्हणालास तेच.”

छतातून पाणी ठिबकत होते. 

शार्दूल फळीवरचे नाव वाचत होता. त्याने हात पुढे केला, पण खडूला लावला नाही.

“पण मस्यू,” तो हळू आवाजात म्हणाला, “माझी खरंच कच्ची आहे. आबांना कळेल.”

लेऑन यांनी दाब गेलेल्या वाईनचा तो पेला उचलला आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यायले. तोंड पुसले.

“कच्ची आहे,” ते म्हणाले, “हे त्यांना म्हणू दे.”

१३ मार्च, बुधवार. पाऊस थांबला. शार्दूलने आपल्या फळीतल्या सहा बाटल्या उघडून गाळ काढला, बुचे बसवली आणि संध्याकाळच्या गाडीने पॅरिसला विमानासाठी गेला.

२ एप्रिल, मंगळवार. ऊन. शार्दूलचा फोन आला. आबांनी दोन घोट घेतले. आंबट आहे, म्हणाले. रविवारी पहाटे ते गेले.