हरिणीचा घोटा आणि वानराच्या हाका

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. धावण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. पण मागे एकदा बिळात पाय अडकून तिचा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, लंगडणे थांबले, तरी घोटा हळवा झाला तो झालाच. सपाट रानात तो मुकाट्याने साथ देई. दगडांवर मात्र पावलोपावली त्याच्याकडे लक्ष द्यावे लागे. हरिणी ते देत असे, म्हणून ती पडत नसे.

दर उन्हाळ्यात गवत वाळले की त्या जंगलात दोन कळपांची शर्यत होई. दोन्हीकडून एकेक हरीण ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे धावे, आणि जिंकणाऱ्या कळपाला पलीकडचे हिरवे कुरण आधी चरायला मिळे. हरिणीच्या कळपाची तयारी करून घेणारा होता एक वानर. वाघ दिसला की हाक देऊन तो हरणांना सावध करी, म्हणून त्याला मान होता. पण मुलांनो, थोडा मान मिळाला की काहींना वाटते, आपल्याला सगळेच कळते! यंदा त्याने नवाच नियम काढला. "मी झाडं बदलत हाका देईन. हाक कुठल्या झाडावरून आली, ते धावता धावता सांगायचं. चुकायचं नाही!"

एका धडधाकट पायांच्या तरुण हरिणीला ते सहज जमले. तिचे पाय आपले आपण धावत होते. डोके दुसऱ्या कामाला मोकळे होते. मग आपली हरिणी निघाली.

"हुप!"

"जांभळावरून!"

"हुप!"

"बेहड्यावरून!"

पुन्हा हाक आली. हरिणी झाड आठवू लागली आणि तेवढ्यात घोटा कलंडला. ती धप्पकन पाण्यात पडली. सगळा कळप फिदीफिदी हसला. पुढच्या खेपेलाही तेच झाले.

"तुझं लक्षच नसतं!" वानर फांदीवरून ओरडला. "शर्यतीत ती दुसरी धावेल. तू आता कळपाच्या मागे चालायचं."

हरिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. लक्ष नव्हते? ओढ्यातल्या ओल्या दगडावर ज्याने कधी पाऊल टाकले नाही, त्याने हे सांगावे! आणि इतके उन्हाळे तिच्याच जोरावर कुरण चरलेले तिचे सोबती खुशाल माना डोलावत होते. पडल्याचे दुःख तिला नव्हते. याची चीड मात्र तिला आवरेना.

"लक्ष होतं, वानरदादा!" ती ताडकन म्हणाली. "माझ्याजवळ ते एकच आहे. पायाला दिलं तर मी धावते, तुमच्या हाकेला दिलं तर पडते. या दुसरीचा घोटा आपला आपण सावरतो. माझा मला सावरावा लागतो. एकदा गप्प बसा आणि बघा."

"आणि शर्यतीत वाघ आला तर? हाक कुठून आली ते कळायला नको?" वानराने विचारले.

"तर मी जीव घेऊन पळेन! झाडांची नावं सांगत उभी राहणार नाही."

कळपातली म्हातारी हरिणी इतका वेळ ऐकत होती. तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. "अहो, बसा की घडीभर गप्प," ती वानराला म्हणाली. "धावून तर बघू द्या पोरीला."

वानर गाल फुगवून बसला. हरिणीने मान खाली घातली. पुढचा दगड, त्यावर पाऊल, मग पुढचा दगड; याखेरीज तिच्या मनात काही नव्हते. ती पलीकडे पोहोचली तेव्हा तिच्या पोटावर पाण्याचा शिंतोडाही नव्हता. कळपाने शर्यतीला तिलाच पाठवले. त्या दिवशी वानराचे तोंड दोनदा उघडले, आणि म्हातारीने डोळे वटारताच दोन्ही वेळा मिटले. हरिणी जिंकली.

सारा कळप हिरव्या गवतात चरू लागला, तसा वानर झाडावरून ऐटीत म्हणाला, "पाहिलंत ना? किती कसून तयारी करून घेतली मी!"

हरिणीने गवतातून डोके वर काढले. "खरंय, दादा," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात, तेवढीच तयारी मला हवी होती."

तात्पर्य : ज्याचा पाय मनाच्या आधाराने चालतो, त्याच्या मनावर दुसरे ओझे टाकू नये, आणि टाकलेच, तर तो पडल्यावर त्यालाच बोल लावू नये.